संमती नेमकी कोणाची?

कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याच्या राज्य मंत्रिमंडळाच्या सप्टेंबर २०२५ मधील निर्णयाला माझा ठाम विरोध आहे. जादा कामाची तिमाही मर्यादाही ११५ वरून १४४ तासांवर नेली आहे. कामगाराची लेखी संमती बंधनकारक राहील, हे सरकारचे मुख्य समर्थन. नेमके तेच पोकळ आहे. रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये ठेकेदारी कामगाराची हजेरी मुकादमाच्या वहीत लागते. कामावर घेतानाच त्याच्याकडून चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या जातात, त्यावर काय लिहिले आहे हे वाचायला कोणी थांबत नाही. ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढे म्हणण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याला नकार कोण देणार? त्यात बदलापूर-टिटवाळ्याहून लोकलने ये-जा करणाऱ्याचे बारा तास प्रत्यक्षात पंधरा होतात.

ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा कुठे १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट वेतन दिले. ही मर्यादा मागून मिळालेली नाही, लढून मिळालेली आहे.

निदान संमतीपत्र ठेकेदाराकडे न देता कामगार विभागाच्या अधिकाऱ्यासमोर, मराठी किंवा हिंदीत वाचून दाखवून घ्यावे आणि ते कधीही मागे घेण्याची मुभा असावी.

— एक निवृत्त फिटर, घणसोली, नवी मुंबई