पियानोमागे तंतुवाद्यं उभी करायला शिकवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये घरच्या घरी पियानो वाजवून रेकॉर्ड करणाऱ्या आम्हा मंडळींना तुम्ही कॉम्प्युटरवर तंतुवाद्यांची साथ जोडायला शिकवलंत, त्याबद्दल हे पत्र. फोनवर आभार मानता आले असते. पण तुम्ही आमच्या फायली दुरुस्त करून परत पाठवताना प्रत्येक बदलाशेजारी त्याचं कारणही लिहीत होतात, आणि ती कारणं नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहेत. म्हणून हे उघड पत्र.

सर्वांत मोठं ऋण पहिल्याच धड्याचं. नवशिका हमखास काय करतो, तर पियानोचा मिडी ट्रॅक (कोणती कळ कधी, किती जोरात दाबली याची नोंद) उचलतो, तसाच दुसऱ्या ट्रॅकवर चिकटवतो आणि त्यावर तंतुवाद्यांची लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) लावतो. तुम्ही तो ट्रॅक सरळ पुसायला लावलात. पियानोचा स्वर हातोडीच्या ठोक्याने जन्मतो आणि लगेच विरायला लागतो. गजाचा स्वर हळूहळू उमलतो आणि गज फिरतोय तोवर टिकतो. डाव्या हाताचे सुटे सूर पियानोवर छान झुळझुळतात, तेच चेलोला दिले की एकमेकांवर चढून चिखल होतो. त्यात पेडलचा संदेश, म्हणजे सीसी ६४ (सीसी हे मिडीतले क्रमांक दिलेले नियंत्रण-संदेश), सोबत आलेला असतो, त्यामुळे सूर सुटतच नाहीत. तंतुवाद्यांच्या ट्रॅकमधून सीसी ६४ आधी काढून टाका, मग बाकीचं बोला, ही तुमची सूचना आम्ही आता सगळ्यांना देतो.

त्याऐवजी काय लिहायचं, ते तुम्ही सी मेजर, ए मायनर, एफ मेजर, जी मेजर या चार कॉर्डवर दाखवलंत. मधल्या सीच्या (कळफलकाच्या मध्यावरचा सी) वरच्या सप्तकातला सी व्हायोलिनला द्यायचा आणि तीन कॉर्ड तो हलवायचाच नाही, कारण तिन्हींत सी आहे. चौथ्या कॉर्डला तो अर्ध्या स्वराने खाली बीवर उतरतो. व्हिओला मधल्या सीच्या लगतच्या ईवर दोन कॉर्ड थांबते, मग एफ, मग डी. चेलो मधल्या सीच्या खालच्या सीपासून सुरू करून ए, एफ, जी असा नुसता पाया धरतो. एफच्या कॉर्डमधला ए या तिघांत कुणाकडेच नाही, आणि नसला तरी चालतो, कारण पियानोचा हात तो वाजवतोच आहे. तीनच ओळी, त्यातली एक जवळजवळ स्थिर. तंबोऱ्यासारखा तो धरलेला सी मागे असला की पियानोच्या चालीला बसायला जागा मिळते. उजवा हात धावत असताना तंतुवाद्यांनी थांबायचं आणि हात थबकला की त्यांनी हलायचं, हा नियमही याच चार कॉर्डमधून कळला.

सप्तकांच्या आकड्यांचा घोळ तुम्ही वेळीच सांगितलात. काही सॉफ्टवेअर मधल्या सीला सी ३ म्हणतात, काही सी ४. त्यामुळे आकड्यावर विसंबलं तर आख्खा व्हिओला एक सप्तक खाली जाऊन पडतो. कान आणि कळफलक यांवरूनच ठरवायचं. खालच्या मर्यादाही पाठ हव्यात: व्हायोलिन मधल्या सीच्या खालच्या जीपर्यंत, व्हिओला त्याहून खाली सीपर्यंत आणि चेलो आणखी एक सप्तक खालच्या सीपर्यंत. याखाली लिहिलं तर बहुतेक लायब्रऱ्या गप्प बसतात आणि माणूस केबल तपासत राहतो.

केबलवरून आठवलं. डिजिटल पियानोच्या मागच्या चौकोनी यूएसबी खाचेला प्रिंटरची केबल चालते आणि ती एमजी रोडवर कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात मिळते, हे तुम्ही सांगेपर्यंत काहीजण महागडी 'मिडी केबल' शोधत होते. बऱ्याच पियानोंत त्या केबलने फक्त मिडी जातो, ध्वनी जात नाही, हेही तुम्ही स्पष्ट केलंत. पियानोचा स्वतःचा आवाज हवा असेल तर हेडफोनच्या खाचेतून ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) लाइन इनपुटमध्ये दोन वायरी न्याव्या लागतात. गणपतीत गल्लीत नाशिक ढोल घुमत असताना हा मार्ग फारच उपयोगाचा, कारण माईकच मध्ये येत नाही. तंतुवाद्यं वाजवताना पियानोचा आवाज आपोआप मिसळत असेल तर पियानोच्या मेनूत लोकल कंट्रोल (कळ दाबली की पियानोने स्वतःच वाजायची सोय) बंद करायचा. आणि पियानोचा आतला रिव्हर्ब, म्हणजे गुंज, रेकॉर्डिंगआधीच बंद, कारण एकदा आवाजात मुरला की तो काढता येत नाही.

आता आवाजातला जिवंतपणा. लांब स्वरांवर कळ जोरात दाबून बहुतेक लायब्रऱ्यांत काहीच फरक पडत नाही. तिथे सत्ता मॉड व्हीलची (कळफलकाशेजारचं फिरवायचं चाक), म्हणजे सीसी १ ची. लायब्ररी उघडल्यावर सीसी १ शून्यावर असेल तर आवाज जेमतेम येतो, आणि नवखा माणूस इथेच वैतागून सोडून देतो. तुम्ही दिलेलं वळण असं होतं: ओळ ४० च्या आसपास सुरू, शिखराला ८०, शेवटी ३० वर उतार, आणि मध्ये कुठेही सपाट रेषा नाही. व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांची वळणं एकमेकांवरून कॉपी करायची नाहीत; शिखरं थोडी मागेपुढे पडली पाहिजेत. डिजिटल पियानोला सहसा मॉड व्हील नसतं, मग पेन्सिल टूलने रेष काढायची किंवा फेडर (सरकती पट्टी) असलेला छोटा कंट्रोलर घ्यायचा. सीसी ११ ने नुसती पातळी बदलते, सीसी १ ने आवाजाचा पोतही बदलतो. म्हणून आधी १, मग हवा तर ११.

तंतुवाद्यं ठेक्याच्या मागे पडतात, ही तक्रार तर प्रत्येकाची. दोष वाजवणाऱ्याचा नसतो. लांब स्वराचा नमुना उमलायलाच वेळ घेतो, म्हणून ठेक्यावर लिहिलेला सूर कानाला उशिरा लागतो. तुमचा उपाय असा: पियानो आणि व्हायोलिनचा एकेक सूर एकाच ठेक्यावर ठेवायचा, तरंग मोठा करून अंतर मोजायचं आणि तेवढा ट्रॅक लवकर वाजेल असा सरकवायचा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या रूटिंग खिडकीत मीडिया प्लेबॅक ऑफसेट असतो, तिथे वजा आकडा घालायचा. सुरुवातीला ६० ते १०० मिलिसेकंद धरून कानाने ठरवावं. स्पिकाटोसारख्या (गज उसळवून वाजवलेल्या) तुटक स्वरांना जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून ते वेगळ्या ट्रॅकवर. वाजवतानाच उशीर जाणवत असेल तर बफर (कॉम्प्युटर आवाज एका वेळी किती नमुन्यांच्या गठ्ठ्यात हाताळतो तो आकडा) पाहायचा: रेकॉर्ड करताना १२८, मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप अडखळू लागला की झालेले ट्रॅक फ्रीज करावेत, म्हणजे तयार ऑडिओत बदलून ठेवावेत.

ज्यांच्याकडे खरा, तारांचा पियानो आहे त्यांच्यासाठी तुमची एक सूचना सोन्याची आहे. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं आणि सूर वर सरकतो, कोरड्या हवेत तो उतरतो. लायब्ररी मात्र ए = ४४० हर्ट्झवर ठाम. मधल्या सीच्या वरचा ए ट्यूनर ॲपवर बघायचा. तो ४३६ दाखवत असेल तर तंतुवाद्यं १६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली उतरवायची. पियानो ट्यून करून घेणं उत्तम, पण रेकॉर्डिंग आधीच झालेलं असेल तर हाच मार्ग.

मिक्सिंगबद्दल थोडक्यात. बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हरसारख्या लायब्ररीत स्टुडिओतल्या खोलीची गुंज आधीच आहे, आणि वायरीतून आलेला पियानो अगदी कोरडा. म्हणून रिव्हर्ब पियानोला जास्त, तंतुवाद्यांना नावापुरता, दोघांनाही एकाच हॉलचा, साधारण २ सेकंदांचा. आवाज दाटला तर तंतुवाद्यांत ३०० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल कमी करावेत. त्याआधी चेलो आणि डावा हात एकाच सप्तकात भांडत नाहीत ना, ते पाहावं, कारण लिहिण्यातला गोंधळ इक्वलायझरने सुटत नाही. पातळीची तुमची कसोटी आम्हाला फार आवडते: तंतुवाद्यं मुद्दाम ऐकू येऊ नयेत, पण म्यूट केली की चुकल्यासारखं वाटावं.

दादा, हे सगळं तुम्ही कुणाकडून एक रुपयाही न घेता, रात्री उशिरापर्यंत फायली उघडून सांगितलंत. स्वतःची लायब्ररी जपणारे पुष्कळ असतात. तुम्ही ट्रॅक आणि वळणांसकट पूर्ण प्रोजेक्ट देऊन टाकलात. त्या चार कॉर्डची फाईल आता गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत फिरते आहे, आणि तिच्यातल्या तुमच्या टिपा आम्ही एका शब्दाचाही बदल न करता पुढे देतो. पुढच्या खेपेला पिझिकाटोवरचा (बोटाने तार छेडून वाजवणं) धडा द्याल ना? तुटक सुरांना रिव्हर्ब किती, यावर इथे अजून एकमत होत नाहीये.

मनापासून आभार.

आपले,
नाशिकचे घरी पियानो वाजवणारे आम्ही सगळे