कन्व्हर्टरबरोबर त्याचे कॉन्फिगरेशनही ताब्यात घ्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणीपुरवठा योजना, वीज उपकेंद्रे आणि कारखाने यांच्या निविदांमध्ये हल्ली ‘मॅनेज्ड’ औद्योगिक मीडिया कन्व्हर्टर मागवले जातात. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणून त्यापुढे फायबर टाकतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना तांब्यातले विद्युत संकेत प्रकाशात आणि प्रकाश परत विद्युत संकेतांत बदलणारा हा कन्व्हर्टर बसवतात. साध्या कन्व्हर्टरपेक्षा त्याला जास्त पैसे मोजतात ते त्याचे सेटिंग करता येते म्हणून. पण ठेकेदाराचा माणूस तो पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर (डिन रेल) अडकवतो, २४ व्होल्टचा पुरवठा जोडतो आणि लिंकचा हिरवा दिवा लागला की हस्तांतरणाच्या कागदावर सही घेऊन निघून जातो.

पंपहाऊसच्या देखभालीचे काम करताना मी याचा परिणाम पाहिला आहे. रस्त्याच्या खोदाईत जेसीबीने आमची फायबर तोडली. नियंत्रण कक्षातल्या कन्व्हर्टरचा तांब्याच्या बाजूचा दिवा मात्र हिरवाच होता, पडद्यावर टाकीच्या पातळीचा शेवटचा आकडा तसाच थांबून राहिला आणि पाणी टाकीवरून वाहू लागल्याचे शेजारच्या रहिवाशांनी येऊन सांगितले, तेव्हा कुठे आम्हाला कळले. एका बाजूची लिंक गेली की दुसऱ्या बाजूचीही आपोआप बंद करणारे ‘लिंक फॉल्ट पास-थ्रू’ हे सेटिंग त्या कन्व्हर्टरमध्ये होते, पण बंद ठेवलेले. बिघाडाची सूचना देणाऱ्या रिलेचे दोन स्क्रू तर कोरेच होते. तिथून भोंग्यापर्यंत वायर ओढण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. सॉफ्टवेअरमध्ये संपर्क तुटल्याची सूचना लावलेली नव्हती, ही चूक आमचीही.

पुढे ते सेटिंग चालू केले, फायबर उपसून चाचणीही घेतली. पण वीज जाऊन आल्यावर सगळे पूर्ववत झाले, कारण ‘अप्लाय’ दाबले होते, ‘सेव्ह’ दाबायचे राहिले होते. या दोन बटणांतला फरक ऑपरेटरला सांगायला दोन मिनिटे पुरतात, आणि ती दोन मिनिटे त्याला कोणीच दिलेली नसतात.

एका टोकाला वेग-डुप्लेक्स ‘ऑटो’ आणि दुसऱ्या टोकाला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) पक्का केलेला, हा दोषही असाच लपून राहतो. ऑटोचे टोक हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकच दिशा, उतरते, दिवा लागलेला असतो, संपर्क तपासणाऱ्या ‘पिंग’लाही उत्तर येते, पण भार वाढला की माहिती गळू लागते आणि बिचारी केबल बदलली जाते.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती पासवर्डची. कारखान्यातून आलेला पासवर्ड, दुरून लॉगिन करण्याचा टेलनेट हा असुरक्षित मार्ग उघडा आणि उपकरणांवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या एसएनएमपीची ‘पब्लिक’ ही सर्वांना ठाऊक असलेली खूण, हे तिन्ही वर्षानुवर्षे तसेच असल्याचे मी पाहिले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला, तेव्हा सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली आणि हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील सिरीयल-टू-इथरनेट कन्व्हर्टरचे फर्मवेअरच (उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर) खराब करून टाकले. त्यामुळे कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांवर जाऊन ब्रेकर हाताने चालू करावे लागले. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग (घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपण्यास आणि घड्याळे एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन, जुळवण्यास सांगितले आहे. ज्या कन्व्हर्टरचे घड्याळ कधी लावलेच नाही, त्याचा लॉग चौकशीत काय कामाचा?

म्हणून नगरपालिका, महामंडळे आणि कारखान्यांचे व्यवस्थापन यांना माझी विनंती आहे की, हस्तांतरणाच्या वेळी प्रत्येक कन्व्हर्टरच्या कॉन्फिगरेशनची बॅकअप फाइल आणि बदललेले पासवर्ड सीलबंद पाकिटात घ्यावेत. तसेच आपल्या अभियंत्यासमोर ठेकेदाराने फायबर उपसून भोंगा वाजतो हे दाखवावे, मग पुरवठा बंद करून पुन्हा चालू करावा आणि फायबर दुसऱ्यांदा उपसावी. ही अट निविदेतच असावी आणि अखेरचे देयक त्यानंतरच मंजूर व्हावे.

आपला,
एक देखभाल अभियंता, नाशिक