आजी, त्या अंगठ्यासाठी तुमचे आभार

आजी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तिला सांगून ठेवलंय, घाई करायची नाही आणि आजोबांच्या कानाशी जरा मोठ्यानं वाचायचं. तुमचं नाव आणि गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पण पत्र उघडंच लिहितेय. तुम्ही माझ्या वर्गातल्या पोरांसाठी जे केलंत, ते फक्त तुमच्यात नि माझ्यात ठेवण्यासारखं नाही.

मंगळवारी पोरांचं यंदाचं शेवटचं फिल्डवर्क झालं. निघताना तुम्ही ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होतात. फाट्यावर एसटी येईपर्यंत एक पोरगं बोललं नाही. मी घरी आले, कुकर लावला आणि तिथंच ओट्याला टेकून रडले. आज चौथा दिवस आहे. अजूनही लिहिताना हात थांबतो.

तुम्ही मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, "बाई, तुमी पोरांना काय शिकवायलेत?" तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आज नीट सांगते. मी समाजकार्याच्या महाविद्यालयात शिकवते. म्हातारपण आणि म्हाताऱ्या माणसांसाठीच्या सेवा, हा विषय अकरा वर्षं माझ्याकडं आहे. दरवर्षी मी फळ्यावर तेच लिहायचे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींहून जास्त. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिकांचा दिवस. २००७ चा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा. गरीब म्हाताऱ्यांना महिन्याचे पैसे देणारी श्रावणबाळ योजना, पासष्टीच्या पुढं. मदतीचा फोन नंबर १४५६७. पोरं उतरवून घ्यायची आणि पेपरात 'वृद्धांच्या समस्या' म्हणून एकाखाली एक लिहायची. मार्क चांगले पडायचे. माणूस कुठंच नसायचा.

मग मी एक प्रयोग ऐकला होता तो वर्गात करून बघितला. चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन लावायचं, कानात कापसाचे बोळे घालायचे, हातात जाड मोजे, बुटात ज्वारीचे दाणे, आणि मग शर्टाच्या गुंड्या लावायच्या, जिना चढायचा. म्हातारपण अंगावर कसं येतं ते कळावं म्हणून. पोरं हसली, एकमेकांचे व्हिडिओ काढले. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "जवारी पायाखाली कामून घालायली, बाई?" मला तोंड वर करता येईना. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल ज्वारीवर दिवस काढलेल्या बाईला मी हे सांगत होते. तो प्रयोग पुन्हा करेन, पण बुटात खडे घालीन. ज्वारी नाही.

तुमच्या आधी आम्ही एका शहरातल्या वृद्धाश्रमात गेलो होतो, तेही सांगते. तिथं आम्ही येणार म्हणून सगळ्या म्हाताऱ्यांना इस्त्रीचे कपडे घालून रांगेत बसवलं होतं. पोरांच्या हातात केळी दिली, वाटायला लावली, फोटो काढले. एका आजोबांनी माझ्या एका विद्यार्थिनीचा हात धरून विचारलं, "परत येशील का?" तर तिथल्या माणसानं मध्येच हात सोडवला आणि म्हणाला, "यांना सवय आहे, तुम्ही पुढं चला." पुढच्या खेपेला येऊ का म्हणून मी तीनदा फोन केला. उत्तर नाही. फोटो मात्र लगेच आले. त्या दिवशी माझी पोरं काय शिकली असतील, तर म्हातारं माणूस म्हणजे केळं द्यायची जागा. याचा राग अजून माझ्या मनात आहे.

म्हणून दिवाळीनंतर तुमच्या गावात आलो तेव्हा मी घाबरलेलीच होते. कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी माणसं, निघून गेला होता. मुकादमाकडनं आगाऊ उचल घेतलेली घरंच्या घरं कुलपात, कोण पश्चिम महाराष्ट्रात, कोण कर्नाटकात. गल्लीत नुसती म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं ठेवलेली लेकरं. एकानं आम्हाला पारावरनंच परत पाठवलं, "म्हाताऱ्यापाशी काय शिकायचंय?" म्हणून. तुम्ही दारात वाकळ शिवत बसला होतात. काही विचारलं नाहीत. बाजेवरची चिंध्यांची रास बाजूला सारलीत आणि म्हणालात, "आधी बसा. ऊन लई हाय."

आता त्या गोष्टीवर येते.

दुसऱ्या खेपेला धारूरकडचा तो पोरगा तुमच्यापुढं फॉर्म घेऊन बसला होता. कायम शेवटच्या बाकावरचा, लाजरा. त्यानं सहा प्रश्न विचारले. आंघोळ कुणाच्या मदतीशिवाय करता का? कपडे? संडासला जाणं? उठणं-बसणं? लघवी-परसाकडंवर ताबा आहे का? हातानं जेवता का? म्हातारं माणूस किती परावलंबी झालंय हे मोजायला जगभर हेच सहा प्रश्न विचारतात. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ साली ही मोजणी मांडली आणि अजून ती चालते. तुम्ही सगळ्यात पास झालात. सहापैकी सहा. कागदाप्रमाणे तुम्हाला कसलीच अडचण नव्हती. पोरगा पॅड मिटायला लागला.

तेव्हा तुम्ही सुई वाकळेत खोचलीत आणि म्हणालात, "हिकडं आण हात."

त्याचा अंगठा तुम्ही तुमच्या अंगठ्यावर ठेवलात आणि हलकेच घासलात. "तुझ्या अंगठ्याला रेघा हायत. माह्या बघ. घासून गेल्यात. मशीन मला वळखंना."

मी शेजारीच होते. नंतर तुम्ही मलाही हात दिलात, म्हणून सांगू शकते. अंगठ्याचं पेर नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत होतं. कडेनं भेगा, भेगांत चुलीचा काळपट रंग, धुतला तरी न जाणारा. वरच्या बाजूला तव्याचे जुने चटके. खुरपं, कोयता, खडीचा हातोडा, भाकरी, सगळं त्या एका बोटावरून गेलेलं. पोरगा काही बोलला नाही. पॅड मांडीवरनं खाली घसरला, तोही त्यानं उचलला नाही. तुमचा हात धरून तसाच बसला, कितीतरी वेळ.

तुमच्या दृष्टीनं ही साधी गोष्ट असेल. पण त्या अंगठ्याचं काय झालं होतं ते आम्हाला नंतर नातीकडनं कळलं. रेशनच्या धान्याच्या रांगेत मशीनवर तुम्हाला अंगठा पदराला पुसायला लावला, केसांवर घासायला लावला, चारदा दाबला, आणि सगळ्यांदेखत कुणीतरी म्हणालं, "म्हातारीचा अंगठा मेलाय." अंगठा उमटत नसेल तर डोळ्याची बुबुळं बघता येतात, मोबाईलवर आलेला ओटीपी चालतो. तुम्हाला हे एकानं सांगितलं नाही. नात म्हणाली, तेव्हापासून तुम्ही परक्यापुढं अंगठा मुठीत झाकून घेता. तोच अंगठा तुम्ही माझ्या एका अनोळखी पोराच्या हातात दिलात, त्याला कळावं म्हणून. माझ्या अकरा वर्षांच्या नोट्सनी जे झालं नाही ते तिथं झालं. आजी, हे पत्र मी त्या एवढ्या गोष्टीसाठी लिहितेय. बाकी सगळं ओघात आलं.

त्यानंतर पोरांनी फॉर्म बाजूला ठेवले आणि बोलायला लागली. तुमचं वय विचारलं. तुम्ही म्हणालात, "कारडावर बघा." आधार कार्डावर १ जानेवारी १९६३. आपल्याकडं जन्मतारीख ठाऊक नसलेल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस असाच १ जानेवारीला येतो. मग तुम्ही बोलता बोलता सांगितलंत, बहात्तरच्या दुष्काळात मोठी लेक पोटात होती आणि तुम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतात, कामावर खायला सुकडी वाटायचे तेव्हा दोन वाटे घ्यायला लाजायचात. माझी एक मुलगी बोटांवर मोजत होती. एकदम म्हणाली, "मॅडम, कार्डाप्रमाणे आजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या."

ओसरीवर सगळे गप्प झाले. तीन वर्षं तुमचा श्रावणबाळचा अर्ज 'वय कमी' म्हणून परत येत होता. महिन्याचे १५०० रुपये. आजोबांचे चालू होते, तुमचे नाहीत, कारण पासष्टीला तुम्ही कमी पडत होतात. ज्या टेबलावर तुमचा कागद तीनदा परत फिरला, त्या टेबलाचं नाव मी लिहीत नाही. पण तिथल्या कुणाला ही वजाबाकी करावीशी वाटली नाही, हे लिहिते. त्यासाठी तुम्हाला खुर्ची देऊन दहा मिनिटं ऐकावं लागलं असतं, बस. माझ्या समाजकार्याच्या पदवीच्या, बीएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीला जमलं ते.

पुढं लेकीचा शाळेचा दाखला, डॉक्टरांचा वयाचा दाखला, हेलपाटे, ते सगळं इथं लिहीत नाही. झालं ते झालं. पैसे जमा व्हायला लागले, हे नातीनं फोन करून सांगितलं तेव्हा वर्गात तास चालू होता. पोरांनी बाक वाजवले.

आणखी एक दिवस माझ्या लक्षात राहील. एका पोरानं तुम्हाला तो २००७ चा कायदा समजावून सांगितला. आई-बापाला सांभाळलं नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. त्यानं चांगलं सांगितलं, मी शिकवलं होतं तसंच. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "लेकरू तिकडं उसात मोळ्या वाहायलंय. त्याच्यावर फिर्याद करू व्हय, बापा?" मग जरा थांबून, "त्याला कुणी सांभाळायचं?"

परतीच्या एसटीत त्यावर भांडण जुंपलं. एक जण म्हणाला कायदा बिनकामाचा. एक मुलगी उसळली, तिच्या गल्लीतल्या मुलानं शेत नावावर करून घेतलं आणि आईला गोठ्यात ठेवलंय, तिला लागतोच की कायदा. आणि खरंच, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन मुलानं शब्द मोडला तर परत मागायची सोय त्याच कायद्यात, कलम २३ मध्ये आहे. दोघंही बरोबर होते. टाकून दिलेली आई वेगळी आणि पोटासाठी लेक लांब गेलेली आई वेगळी. दोघी फॉर्मवर 'एकटी राहते' या एकाच चौकटीत बसतात. हा फरक मी कधी शिकवला नव्हता, कारण मलाच तो असा दिसला नव्हता.

तुमच्या गल्लीनंही आम्हाला पुष्कळ दिलं. तुमच्या शेजारची सून दोन भाकरी जास्त थापून पलीकडच्या आंधळ्या बाबाला नेऊन देते, आणि विचारलं तर म्हणते, "त्यात काय, तवा तापलेलाच असतो." गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चांदोबा काढून देतात, म्हणजे सकाळची कुठली नि रात्रीची कुठली ते कळावं. कंडक्टर तुम्ही चढून बसल्याशिवाय घंटी मारत नाहीत. यांतल्या कुणाला 'ज्येष्ठांसाठीच्या सेवा' हा शब्द माहीत नाही. ज्यांच्या दारावर तो शब्द पाटी करून लावलाय, त्यांच्याकडनं आम्हाला केळी मिळाली. माणुसकी आपल्याकडं आटली असं म्हणायची मला सवय लागली होती. तुमच्या गावानं ती मोडली.

आता पाडव्याला कोयता परत येईल, घर भरेल. लेकाला माझा नमस्कार सांगा. त्याला हेही सांगा, की त्याच्या आईनं यंदा अठरा पोरं शिकवली.

तो धारूरकडचा पोरगा कालच माझ्याकडं आला होता. रविवारी तुमच्याकडं जाऊ का म्हणून विचारत होता. मी सांगितलं, फिल्डवर्क संपलंय, याची हजेरी लागणार नाही. म्हणाला, "माहितीय, मॅडम." तुमच्या सुयांमध्ये दोरे ओवून ठेवायचेत म्हणतो, आठवडाभर पुरतील एवढे. दुपारपर्यंत पोचेल. तो फार लाजतो, दुसरी भाकरी मागत नाही. तेवढं बघा.

तुमची,
मास्तरीनबाई