हिवाळी पक्ष्यांसाठी तलावाचा काठ उताराचा राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकणकिनाऱ्यावरील हिवाळी पक्षिनिरीक्षणाची माहिती वाचली. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघा, हा त्यातला सल्ला सोळा आणे खरा आहे. भरतीत वाळूची पट्टी अरुंद होते आणि चिखल्या, तुतारी, कुरव उरलेल्या जागेत दाटीने बसतात. ओहोटी लागली की तेच पक्षी दूरवर पांगतात आणि दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. म्हणून भरतीच्या दीड-दोन तास आधी जागेवर असावे. ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पक्षी सगळ्यांत जवळ येतात. पण हे वाचून नागपूरकरांनी लगेच रत्नागिरीचे तिकीट काढायचे कारण नाही. कुरव, कालवफोडे आणि खेकडे खाणारे किनारी पक्षी सोडले, तर त्या यादीतले बरेचसे पाहुणे आपल्याकडच्या तलावांवरही उतरतात. त्यांना कधी आणि कुठे पाहायचे याचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

आपल्याकडे ओहोटीचे काम तलावाचे दार करते. पूर्व विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांना पाणी सोडायचे तुडुम असते, पाटबंधाऱ्याच्या जलाशयांना विमोचक. सप्टेंबरअखेर तलाव काठोकाठ भरलेला असतो, मग धानाच्या शेवटच्या पाण्याला आणि पुढे रब्बीच्या पाणीपाळ्यांना तो हळूहळू उतरतो. समुद्र सहा तासांत जे करतो ते इथे चार-पाच महिने चालते. पाणी मागे सरकते तसा गाळाचा नवा पट्टा उघडा पडतो. त्यात किडे, अळ्या, गोगलगायी असतात, आणि टिलवे, तुतारी, कंठेरी चिखल्या यांची पंगत तिथेच बसते. म्हणून ‘तलाव तुडुंब भरला’ अशी बातमी आली की शेतकऱ्याबरोबर पक्षिनिरीक्षकानेही खूश व्हावे, पण डिसेंबरात तिथे चिखलातले पक्षी शोधायला जाऊ नये. काठ बुडालेला असतो, पक्षी बसणार कुठे? उलट पाऊस उत्तम झाला की गावोगावची डबकी आणि बोड्याही (लहान तळी) भरलेल्या राहतात, बदके त्यांवर विखुरतात आणि मोठ्या तलावावर संख्या घटल्यासारखी वाटते. अशा वर्षी ‘पक्षी रोडावले’ असे छापण्याआधी आसपासची छोटी तळी पाहून यावीत.

खोलीचे गणित साधे आहे. टिलव्याला दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरते, शेकाट्या गुडघाभर पाण्यात चालतो, पण तो गुडघा त्याचा. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, गडवाल ही बदके बुडी मारत नाहीत. शेपटी वर आणि डोके खाली करून जेवढी मान पोहोचेल तेवढेच खातात, म्हणजे त्यांना साधारण फूट-दीड फूट पाणी हवे. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारतात, ती मधल्या खोल पाण्यात सापडतील. काठ जितका सपाट तितक्या या सगळ्यांच्या जागा जास्त. उतार पन्नासास एक असेल, तर पाणी 10 सेंटिमीटर उतरल्यावर 5 मीटर रुंद चिखल उघडा पडतो. तोच काठ दगडी पिचिंग करून, म्हणजे दगड बसवून, दीडास एक केला, तर उघडे पडतात 15 सेंटिमीटर, तेही दगड.

आणि इथेच आमची तक्रार आहे. तलावाच्या सौंदर्यीकरणाचा कोणताही आराखडा उघडा, त्यात काठाला भिंत, भिंतीवर फरसबंदी, फरसबंदीला रेलिंग आणि रेलिंगवर दिवे हे ठरलेले असते. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पिचिंग लागते, हे मान्य. लाटांनी माती खचू नये म्हणून ते असते आणि सप्टेंबर 2023 मध्ये नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरल्यानंतर पाळ मजबूत करण्याला कुणी शहाणा माणूस विरोध करणार नाही. पण पाळ ही तलावाची एक बाजू. उरलेल्या बाजूंना जिथून पाणी आत येते तिथला उतार निसर्गतः सपाट असतो, तिथे लाटेचा मारा नसतो आणि भिंतीची गरजही नसते. नेमकी तीच बाजू सोयीची म्हणून जॉगिंग ट्रॅक तिकडे वळवला जातो. शिवाय पाणथळ जागांचे 2017 चे केंद्रीय नियम पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेल्या तलावांना लागू होत नाहीत. नागपूर परिसरातले बहुतेक तलाव मानवनिर्मितच आहेत. त्यामुळे काठ राखायचा की बुजवायचा, हे बहुतेक ठिकाणी महापालिका, ग्रामपंचायत नाहीतर पाटबंधारे विभाग यांच्याच हाती राहते. म्हणून हे पत्र.

आता पाहायला जाणाऱ्यांसाठी. हिवाळा म्हणजे डिसेंबर, ही समजूत सोडावी. ठिपकेवाली तुतारी आणि साधी तुतारी ऑगस्टातच येऊन पोहोचतात, करडा धोबीही पोळा-गणपतीच्या सुमारास दिसू लागतो. भुवई बदक लवकर येते, पुढे सरकते आणि मार्चमध्ये परतीच्या वाटेवर पुन्हा भेटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बदके पाहणाऱ्यांची हमखास फसगत होते, कारण नरांचा विणीचा पेहराव गळालेला असतो आणि ते मादीसारखेच मळकट दिसतात. तेव्हा रंगावर जाऊ नये, चोच पाहावी. थापट्याची चोच फावड्यासारखी, ती लपत नाही. तलवार बदकाची मान लांब आणि सडपातळ. चक्रांग उडाले की पंखावर हिरवा पट्टा चमकतो. डिसेंबरच्या मध्यापर्यंत नर पुन्हा रंगात येतात, नवशिक्याने तेव्हा सुरुवात करावी.

पट्टकादंब हंसांचा मोसम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, पिवळी-नारिंगी चोच. सोबत कधी कलहंस असतो, त्याची चोच गुलाबी आणि डोक्यावर पट्टे नाहीत. पारडगावसारख्या तलावांवर हे हंस दिवसा पाण्यात किंवा उघड्या बेटावर विसावतात आणि संध्याकाळी हरभरा-गव्हाच्या कोवळ्या पिकांत नाहीतर गवतात चरायला जातात. त्यामुळे भर दुपारी हंस झोपलेला दिसला तर तो आजारी समजू नये, रात्रपाळी करून आलेला असतो. कुणाच्या गळ्यात रंगीत पट्टा किंवा पायात कडे दिसले, तर पट्ट्याचा रंग, अक्षरे-आकडे आणि ते कोणत्या क्रमाने लिहिले आहेत हे टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. नुसता ‘पट्टा होता’ असा निरोप कुणाच्याही उपयोगाचा नाही.

चिखलातल्या पक्ष्यांत नवखा माणूस गोंधळतो, कारण सगळेच तपकिरी. आधी पायांचा रंग पाहावा, मग पक्षी उडण्याची वाट पाहावी. ठिपकेवाली आणि हिरवी तुतारी बसलेल्या सारख्या वाटतात. उडाल्यावर हिरवीच्या पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी आणि कंबर झगझगीत पांढरी दिसते, ठिपकेवालीची खालची बाजू फिकी असते. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. पण पायाला चिखल लागला की पिवळेही काळे दिसतात, म्हणून पक्षी पाण्यात धुऊन निघेपर्यंत निर्णय देऊ नये. फेसबुकवरच्या अर्ध्या चुका या चिखलाच्या असतात.

दुर्बीण 8×42 घ्यावी, म्हणजे 8 पट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग 42 मिलिमीटरचे. 10×42 मध्ये पक्षी थोडा मोठा दिसतो, पण हातही तितकाच जास्त थरथरतो, दृश्याचा घेर सहसा कमी असतो आणि पहाटेच्या धुक्यात चित्र अंधारते. 42 ला 8 ने भागले की डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत 5.25 मिलिमीटरचा येतो, 10 ने भागले की 4.2 चा. नवी दुर्बीण ‘दोन चित्रे दिसतात’ म्हणून परत करणारे बरेच असतात. दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराइतक्या जुळवल्या की बहुधा एकच गोल दिसतो. त्यानंतर उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करावे, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवावी. कडी एकदा बसली की पुन्हा हात लावायचा नाही. चष्मा असेल तर रबरी कडा खाली दुमडावी. दूरच्या बदकांसाठी स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) उत्तम, मात्र ऊन चढले की पाण्यावरची हवा लहरू लागते. तेव्हा 30 पटींच्या वर नेऊन उपयोग नाही, चित्र फक्त मोठे आणि नाचरे होते.

सूर्य पाठीशी ठेवणे हा अर्धा खेळ आहे. अंबाझरीची पाळ तलावाच्या पूर्वेला, म्हणून पाळीच्या बाजूने सकाळी प्रकाश सुरेख मिळतो आणि संध्याकाळी सगळे पक्षी काळे दिसतात. नव्या तलावावर जाताना पाळ कोणत्या दिशेला आहे हे नकाशात पाहूनच वेळ ठरवावी. पाळीच्या माथ्यावर सरळ उभे राहू नये. आकाशावर माणसाची आकृती उमटली की बदके लगेच दूर सरकतात. माथ्याच्या खाली बसावे, पांढरे कपडे टाळावेत, आणि पक्ष्यांनी माना ताठ केल्या की तिथेच थांबावे. ती पुढे न येण्याची सूचना असते. रस्ता काठाजवळून जात असेल, तर गाडीतून उतरूच नये. उभ्या गाडीची पक्ष्यांना भीती वाटत नाही, दार उघडल्याची वाटते. ड्रोन आणि मोबाइलवर वाजवलेले आवाज, दोन्ही घरी ठेवावेत.

उघड्या गाळावर पाय ठेवण्याआधी काठी खुपसून पाहावी. आपली काळी माती वरून पापुद्रा धरते आणि खाली लोण्यासारखी मऊ असते, माणूस मांडीपर्यंत जातो आणि कॅमेरा आधी जातो. अंधारात शेतात शिरणे तर जिवावरचे. रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत वीज सोडलेली असते. उजेडातही धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चालावे, हरभऱ्यातून नाही.

तलावाकडे जाणारा पांदण रस्ता घाईने ओलांडणाऱ्यांचे नुकसान होते. तिथल्या बाभळी-बोरींत गप्पीदास आणि शंकर, तारेवर नीलपंख आणि कापशी, पडीत जमिनीत चंडोल, आणि तुरीच्या शेतावरून खालून तरंगत जाणारा भोवत्या हे सगळे त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये असते. भोवत्ये रात्री गवतात जमिनीवर मुक्कामाला उतरतात. ती जागा कळली तर लांबूनच पाहावी आणि तिचा पत्ता फेसबुकवर किंवा कुठेही टाकू नये. फेब्रुवारीत पळस फुलला की भोरड्यांचे थवे त्यावर येतात, त्यासाठी तर गाव सोडायचीही गरज नाही.

काठ वाचवताना तिथे पोट असणाऱ्यांना बाजूला सारून चालणार नाही. पाणी उतरलेल्या जमिनीवर गाळपेर होते, ढिवर बांधवांची जाळी पडतात. दोन्ही जुनी कामे आहेत आणि पक्षी त्यांच्यासोबत राहत आले आहेत. अडचण होते ती पेरा थेट पाण्याच्या कडेपर्यंत येतो तेव्हा, किंवा भाजीपाल्यावरचा फवारा पाण्यात उतरतो तेव्हा. गाळपेराचे पट्टे देताना पाण्यालगतची 15-20 मीटरची पट्टी मोकळी ठेवण्याची अट घालता येईल. बेशरमची झुडपे आणि जलपर्णी काढण्याचे काम मत्स्यसंस्थांना मजुरीने द्यावे, त्यांचेही जाळे मोकळे होईल. ते काम मे महिन्यात करावे, जुलै-ऑगस्टात नाही. तेव्हा कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या त्याच वनस्पतींवर घरटी करतात. बोटिंग बंद करा असे आम्ही म्हणत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी नऊपर्यंत बोटी काठाला बांधून ठेवाव्यात आणि पाणी आत येते त्या टोकाला दिवसभर नेऊ नयेत, इतकेच. संक्रांतीच्या आसपास काठावरच्या झाडांत अडकलेला नायलॉन मांजा काढण्यासाठी महापालिकेने एक दिवस शिडीवाली गाडी दिली, तर बगळे आणि पाणकावळे लटकून मरणार नाहीत.

आपल्याला एक विनंती. मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यात साजरा होतो. त्या आठवड्यात आपण पक्ष्यांची छायाचित्रे छापता, ती छापावीतच. त्यासोबत शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या प्रमुख तलावांची पाण्याची पातळी आणि पाणीपाळीच्या तारखाही छापाव्यात. कोकणातल्या वर्तमानपत्रात भरतीच्या वेळा असतात तशा.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून ती चालू आहे. तीत भाग घेणाऱ्यांनी थवा मोजताना आधी 10 पक्षी मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवावे, मग तेवढे तुकडे मोजत जावे, मोठ्या थव्याला 50 चे तुकडे. उलट दिशेने पुन्हा मोजावे. लालसरी बदके आणि वारकरी नावाचे पाणपक्षी यांतले काही त्या क्षणी पाण्याखाली असतात, म्हणून दोन-तीन मिनिटे थांबून सर्वांत मोठा आकडा धरावा. आणि नोंदीत तारीख, वेळ, तलावाचे नाव यांच्याखाली एक ओळ हमखास लिहावी: पाणी पाळीच्या कितव्या पायरीवर होते आणि किती मीटर चिखल उघडा होता.

आपले,
नागपूर परिसरातील काही पक्षिनिरीक्षक