केपच्या पाण्यातून मृण्मयीस

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जहाजावर रुजू होण्याचे तुझे जॉइनिंगचे पत्र आल्याचे आईने कळवले. त्यानंतर फोनवर मी जे बोललो ते मला खरे तर बोलायचे नव्हते. "एवढी घाई कशाला, वर्षभर थांब," असे मी म्हणालो आणि तू फोन ठेवलास. बापूंपुढे मीही एकदा असाच ताडकन उठून गेलो होतो, त्यामुळे तुला बोल लावण्याचा मला अधिकार नाही. तू महिन्याभरात निघणार आणि मी उतरायला अजून अडीच महिने आहेत, म्हणजे तू घराचा उंबरा ओलांडशील तेव्हा मी तिथे नसेन. इंडोनेशियात सुरबायाला आमचा देवगडचा फिटर उतरणार आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो.

सिंगापूरहून निघालो, जपानला माल उतरवला, रिकामे जहाज घेऊन पॅसिफिक ओलांडला, पनामा कालव्यातून अटलांटिकमध्ये आलो, मिसिसिपीच्या काठी सोयाबीन भरले आणि आता आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालतो आहोत. बत्तीस वर्षे समुद्रावर काढली, पण एकाच काँट्रॅक्टमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि बहुधा शेवटची.

पूर्वेकडे जाताना दर काही रात्रींनी घड्याळ तासभर पुढे करावे लागते आणि तो तास झोपेतूनच जातो. पूर्ण फेरीत असे चोवीस तास जातात आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेवर ते सगळे एका दिवसाच्या रूपाने एकदम परत मिळतात. आमचा मंगळवार संपला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मंगळवारच उजाडला. त्या जादा दिवशी मला सारखी तुझी नववी आठवत होती. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन 'तारिणी' ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेला १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाली आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी परत आली, तोवर तू त्या सहा जणींची कात्रणे कपाटाच्या दारावर चिकटवत होतीस आणि आई रंग खराब होतो म्हणून रागावत होती. मी तेव्हा घरी होतो आणि मनातून फार सुखावलो होतो, पण ते तुला कधी सांगितले नाही. झोपेचे मात्र लक्षात ठेव. झोप न झालेला माणूस ऑक्सिजनचा मीटर न पाहता जहाजाच्या बंद टाकीत उतरतो. हे लिहायचे नाही असे ठरवले होते, तरी लिहून गेलो.

पनामाविषयी लिहितो. सेकंड इंजिनिअरला खाली इंजिनरूममध्ये ठेवून मी अर्धा तास डेकवर आलो होतो. एवढ्या यंत्रांच्या काळातही जुन्या लॉकपाशी, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या दारांच्या हौदापाशी, दोन माणसे लहानशी होडी वल्हवत आली आणि त्यांनी पहिली दोरी आमच्या हाती दिली. जहाज आणि भिंत यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दोन फूट जागा होती. जहाज वर उचलायला तिथे एकही पंप लागत नाही. गाटून तलावातले पाणी उताराने लॉकमध्ये येते आणि तीन पायऱ्यांत जहाज समुद्रसपाटीपासून २६ मीटर वर चढते. प्रत्येक फेरीला सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी लागते, ते सगळे पावसाचे. म्हणूनच २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा जहाजांची संख्या कमी करावी लागली. मी जन्मभर पंपांची दुरुस्ती करत आलो, त्यामुळे ते पाणी मुकाट्याने चढताना पाहून मला भरून आले. तू ते ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून, पाहशील, माझ्यापेक्षा कितीतरी चांगले दिसेल.

आता एक गोष्ट सांगतो, जी आईलाही ठाऊक नाही. १९९६ साली मी फोर्थ इंजिनिअर होतो. एका बॅलास्ट टाकीत, म्हणजे जहाजाचा तोल राखण्यासाठी समुद्राचे पाणी भरतात त्या टाकीत, एक खलाशी उतरला आणि खालून आवाज येईनासा झाला, म्हणून दुसरा त्याच्यामागे गेला. मी तिसरा होतो. माझा एक पाय शिडीवर होता तेवढ्यात बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, माझी कॉलर धरून मला मागे ओढले आणि मी त्याला शिव्या दिल्या. मॅनहोलच्या कडेला त्या दुसऱ्या माणसाचे पिवळे हातमोजे नीट एकावर एक ठेवलेले होते. बंद टाकीतले लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकते. त्या हवेला वास नसतो, रंग नसतो, घुसमटल्याची जाणीवही होत नाही. दोघेही गेले. मीटरवर २०.९ टक्के दिसल्याशिवाय, परमिटवर सही झाल्याशिवाय, वर माणूस उभा असल्याशिवाय उतरू नकोस, मग चीफ ऑफिसर ओरडला तरी चालेल. आणि आत कोणी पडलेला दिसला तर आधी अलार्म दे, एकटी धावून जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, सुधाआत्याच्या विहिरीपाशी तू काय केलेस ते मी विसरलेलो नाही.

हे तुला कॉलेजात शिकवले आहे, परीक्षेत तुला त्यात चांगले गुणही पडले आहेत, आणि मी मात्र पुन्हा मास्तर होऊन बसलो. क्षमा कर. आमच्या होल्डमध्येही, म्हणजे मालाच्या कोठारातही, सध्या सोयाबीनला कीड मारणाऱ्या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. कोठाराच्या झाकणावरची, हॅचवरची, ती धोक्याची लाल पाटी रोज सकाळी दिसते आणि तुझे नाव मनात येते, त्याला माझा इलाज नाही.

आज लाटा लांब पल्ल्याच्या आहेत, टेबलावरचा पेला ओल्या फडक्यावर ठेवला आहे. १७ मीटरची तारिणी याच पाण्यातून केपटाउनला पोहोचली होती.

निळी पेटी तूच ने. किल्ली देवघरातल्या डबीत आहे. तळाशी माझा बॉयलरसूट आहे, आई बाह्या आखूड करून देईल. टॉर्च मात्र नेऊ नकोस, तो साधा आहे, टाकीत नेण्याजोगा नाही. म्हणजे उतरायची वेळ आलीच तर.

तुझा,
बाबा