पाणीपाळीची वही पुढच्या पिढीच्या हाती द्या

महोदय,

एकत्र काम करणे म्हणजे एखाद्या मोहिमेपुरते जमणे, असा समज वाढत असताना दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्यांवरील पाणी वापर संस्थांकडे आपण नाशिककरांनी पुन्हा नीट पाहायला हवे, असे मला मनापासून वाटते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९०च्या दशकाच्या प्रारंभी, ज्यांच्यापर्यंत पाणी पोहोचतच नव्हते अशा कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांनी पहिल्या संस्था उभ्या केल्या. पुढे संस्था वाढत गेल्या आणि २००३ मध्ये या सर्वांची मिळून संपूर्ण धरणासाठीची प्रकल्पस्तरीय संस्था स्थापन झाली, तीही राज्याचा २००५ चा सिंचन व्यवस्थापन कायदा येण्याआधी.

हे सारे टिकले ते मोजमापामुळे. पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष किती पाणी आले ते आकारमानाने, मोजून घ्यायचे, ते संस्थेने सभासदांत वाटायचे आणि पाणीपट्टी वेळेत भरायची. अशा एका संस्थेची वही मी पाहिली आहे: शेतकऱ्याचे नाव, पाणी सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि शेजारी सही, रात्री अडीचची नोंदही तितक्याच काळजीने केलेली. ती वही कोणीही उघडून पाहू शकतो, म्हणूनच शेजाऱ्याची पाळी संपेपर्यंत माणूस निर्धास्त झोपू शकतो.

मात्र पहिल्या फळीतले शेतकरी आता थकले आहेत आणि माझ्या पाहण्यातले तरुण, शेततळे व ठिबक घरचे असल्याने, सभांना क्वचितच येतात. रब्बीच्या नियोजनाच्या सभेला प्रत्येक घरातून एका तरुणाने यावे आणि निदान एका हंगामापुरती तरी वही त्याच्याकडे सोपवावी, ही सर्व संस्थांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक