अध्यक्षांना पत्र: ऑगस्टचे सतरा कार्यक्रम आणि आमची कानबाई

जळगाव
दि. २० जुलै २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय: ऑगस्ट महिन्याच्या कार्यक्रमांच्या यादीत बदल करणे व २ ते ४ ऑगस्ट सभागृह कानबाईच्या उत्सवासाठी मिळणे याबाबत.

मा. आप्पासाहेब,
सा. न. वि. वि.

लिफ्टशेजारच्या फलकावर काल लागलेली ऑगस्टची यादी मी दोनदा वाचली, एकदा बिनचष्म्याची आणि एकदा चष्मा लावून. सतरा कार्यक्रम आहेत. स्तनपान सप्ताहापासून सुरुवात आणि क्रीडा दिनाने शेवट. मध्ये मैत्री दिन, अवयवदान दिन, हातमाग दिन, आदिवासी दिन, युवा दिन, ग्रंथपाल दिन, छायाचित्रण दिन, डास दिन, ज्येष्ठ नागरिक दिन, अंतराळ दिन, आणि ह्या सगळ्यांत राखी, झेंडावंदन, दहीहंडी, बहिणाबाईंची जयंती, गणपती. एवढं सगळं आहे, पण कानबाई नाही. पोळाही नाही. जळगावातल्या सोसायटीची यादी आहे ना ही?

कानबाई नुसती राहून गेली असती तर मी पत्र लिहिलं नसतं, तुमच्या घरी येऊन चहा पिऊन सांगितलं असतं. पण रविवार ३ ऑगस्टला संध्याकाळी सहा ते अकरा सभागृहात मैत्री दिनाचा डीजे लावलाय. यंदा नागपंचमी २९ जुलैला, मंगळवारी. त्यानंतरचा पहिला रविवार तोच. म्हणजे आपल्या इमारतीतल्या चार घरांची कानबाई त्याच रात्री बसणार. तळमजल्यावरच्या आजी काल जिन्यात मला थांबवून विचारत होत्या, “आते कानबाई कोठे बसाडानी वं माय?” त्यांच्या दोन खोल्यांत भाऊबंदांची चाळीस माणसं कशी मावणार? गेल्या वर्षी निम्मी मंडळी पायऱ्यांवर बसली होती आणि एका सभासदाने रस्ता अडवल्याची तक्रारही केली होती. ती तक्रार बरोबरच होती, म्हणून तर यंदा सभागृह मागतोय.

आपल्याकडे निम्मे सभासद बँकेच्या आणि रेल्वेच्या बदल्यांवर बाहेरून आलेले आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिते, म्हणजे हे काय प्रकरण आहे ते कळेल. कानबाई ही खान्देशची माय. मूर्ती नसते. चौरंगावर नारळाची देवी मांडायची, तिला नाकीडोळी नीट सजवायची, नथ घालायची, लुगडं नेसवायचं. आठवडाभर आधीपासून घर झाडून, सारवून, धुऊन काढायचं. आता सारवण नाही, फरशी पुसायची. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या माणसांच्या हिशेबाने सव्वाच्या मापाने गहू घ्यायचे. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. रात्रभर बायका अहिराणीत गाणी म्हणतात, फुगड्या घालतात आणि सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर नेतात. पुण्यामुंबईला गेलेली पोरं दिवाळीला येतील न येतील, कानबाईला येतात. माझा धाकटा दीर सुरतेला असतो. एकदा पुराने गाडी अडकली तेव्हा ट्रकमध्ये बसून आला होता.

डीजेचं म्हणाल तर पोरांच्या आनंदावर मला पाणी टाकायचं नाही. संयुक्त राष्ट्रांचा मैत्री दिन ३० जुलैला असतो, तेव्हा तारखेचा आग्रह असेल तर तो दिवस मोकळा आहे. नाहीतर शनिवारी, २६ जुलैला करा. आणि आवाजाची काळजी असेल तर आत्ताच सांगते, रात्री दहानंतर भोंगा बंद हा नियम आम्हालाही लागू आहे. कानबाईच्या गाण्यांना भोंगा लागत नाही. टाळी आणि गळा पुरतो. शिवाय डीजे अकरापर्यंत चालणार होताच, त्याला दहाचा नियम कोणी सांगितला होता का?

आता ‘दिनां’बद्दल. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका होते. असे दिन मी आयुष्यभर साजरे केलेत. वरून पत्र यायचं, फलक लावायचा, फोटो काढायचा, अहवाल पाठवायचा. त्यातले कुठले कामाला आले आणि कुठले फोटोपुरते राहिले हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून लिहिण्याचा अधिकार घेते.

त्याच ३ ऑगस्टला अवयवदान दिन आहे. १९९४ साली त्या तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये मेंदूमृत दात्याचं हृदय दुसऱ्याला बसवण्याची शस्त्रक्रिया देशात पहिल्यांदा यशस्वी झाली, म्हणून हा दिवस. समितीने त्यासाठी ‘प्रतिज्ञा व सेल्फी पॉइंट’ ठरवलाय. आप्पासाहेब, प्रतिज्ञेचं कार्ड खिशात असलं तरी अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर शेवटी घरच्यांनाच विचारतात. आणि त्या वेळी एक काका, एक मावसभाऊ ‘नको’ म्हणाला की संपलं. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. मग हे बोलणं कुठे व्हायला हवं? जिथे काका, मावसभाऊ, आत्या, सुना सगळे एका जागी बसलेत तिथे. असा दिवस आमच्याकडे वर्षातून एकदाच येतो, तो कानबाईचा. जेवणं झाली आणि गाणी सुरू व्हायची आहेत, त्या मधल्या अर्ध्या तासात मी स्वतः बोलेन. सेल्फी पॉइंटचा खर्च वाचेल.

९ ऑगस्टला यादीत तीन गोष्टी एकावर एक चढल्यात: राखी, आदिवासी दिन आणि खाली बारीक अक्षरात ‘क्रांती दिन – हुतात्मा शिरीषकुमार स्मरण’. तेवढं दुरुस्त करा. ‘चले जाव’चा ९ ऑगस्ट १९४२ बरोबर आहे, पण नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले ते ९ सप्टेंबरला. बाहेरच्या माणसाने ही चूक केली तर चालेल, आपण करू नये.

आणि आदिवासी दिन. १९८२ साली त्या तारखेला मूलनिवासींसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती, तीच तारीख पुढे जागतिक दिन झाली. नंदुरबार, धडगाव, चोपडा, यावल इथे त्या दिवशी ढोल आणि पावरी ही वाद्यं, मिरवणुका असतात. आपला रात्रीचा वॉचमन सातपुड्यातला पावरा आदिवासी आहे. त्याने त्या दिवसाची रजा मागितली होती. राखीच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला माणूस हवा म्हणून त्याला नाही म्हटलं. आणि त्याच कार्यक्रमात मुलांना पिसं लावून ‘आदिवासी नृत्य’ बसवलंय. मी पुढे काही लिहीत नाही. त्याला दोन दिवसांची भरपगारी रजा द्या, खुर्च्या आम्ही मांडू.

डास दिनावर मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण सतरामध्ये माझा सगळ्यात लाडका हाच. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला, त्याची ही आठवण. आपल्या यादीत त्यासाठी चित्रकला स्पर्धा आहे. डासाची चित्रं काढून डास कमी होत असते तर आमच्या खात्याने चित्रकारच नेमले असते.

आपल्या इमारतीचा डास हिवतापाचा नाही, डेंग्यूचा आहे. तो गटारात नाही, स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. ते स्वच्छ पाणी कुठे आहे ते गॅलऱ्यांत डोकावून बघा. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की घरटी एक कूलर बाहेर येतो. पाऊस पडला की बंद होतो, पण आत कोणी घेत नाही. दसऱ्यापर्यंत तो तिथेच, तळाशी चार बोटं पावसाचं पाणी घेऊन. परवा मी फक्त ‘अ’ विंगमध्ये फिरले. नऊ कूलरमध्ये अळ्या वळवळत होत्या, त्यातला एक आपल्या खजिनदारांचा. (त्यांनी राग मानू नये. एक माझ्या मुलाचाही होता.) अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही, हे लोकांना कोणी सांगत नाही. ह्या डासाची अंडी पाण्याच्या वर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. टाकी काथ्याने घासावी लागते. वरच्या टाक्यांची झाकणं आणि लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी ही कामं समितीची. कारंज्याच्या हौदात गप्पी मासे सोडायला मी आणून देते.

यासाठी मुहूर्तही आहे. यंदा पोळा शुक्रवारी, २२ ऑगस्टला. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात, पोळ्याच्या सकाळी त्याला घासून धुतात. आपल्याकडे बैल नाहीत, कूलर आहेत. २० तारखेला कूलर घासून, वाळवून, गुंडाळून माळ्यावर टाका आणि २२ ला पुरणाच्या पोळ्या खा. मुलांनी मातीचे बैल आणावेतच. शिवाय कंपाउंडमागच्या कपाशीच्या शेताचे मालक दरवर्षी आपली जोडी फाटकापर्यंत आणतात. मागच्या पोळ्याला फरशी नुकतीच पुसली म्हणून त्यांना परत पाठवलं. ही सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्याच वडिलांची होती. यंदा फाटक उघडं ठेवा, फरशी मी पुसेन.

स्तनपान सप्ताहाला व्याख्यान ठेवलंय, ठीक. पण आपल्या इमारतीतल्या दोन्ही बाळंतिणी सध्या माहेरी आहेत, मग ऐकणार कोण? त्याऐवजी शेजारच्या बांधकामावर मजुरी करणारी जी बाई बाळाला पत्र्याच्या सावलीत पाजते, तिला आपल्या जिन्याखालची खोली उघडून द्या. हातमाग, छायाचित्रण, युवा, ग्रंथपाल हे चार दिन मला विचाराल तर गाळा. निदान ग्रंथपाल दिनाला ग्रंथालयाच्या कपाटाची हरवलेली किल्ली तरी शोधा. अंतराळ दिन राहू द्या. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा गच्चीवर केवढी गर्दी जमली होती! पोरांना तीच गच्ची आणि एक दुर्बीण पुरे, पावसाने उघडीप दिली तर. झेंडावंदनाबद्दल काही म्हणणं नाही, फक्त प्लॅस्टिकचे झेंडे आणू नका.

बहिणाबाईंची जयंती २४ ऑगस्टला, रविवारी आहे. १८८० साली आसोद्याला, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर त्यांचा जन्म. विद्यापीठालाही आता त्यांचंच नाव आहे. त्यांच्या जयंतीला ‘वक्तृत्व स्पर्धा, वेळ तीन मिनिटे’? ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, जिने शेतात आणि घरात काम करता करता ओव्या रचल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून राहिल्या, तिच्या नावाने पाठ केलेली भाषणं? ‘क’ विंगमध्ये एक जातं आहे, सध्या त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. ते खाली आणू. तळमजल्यावरच्या आजींना किमान पन्नास ओव्या आणि त्याहून जास्त कानबाईची गाणी येतात. त्यातलं एक अक्षर कोणी लिहून घेतलेलं नाही. मुलांनी त्या दिवशी वही घेऊन त्यांच्यासमोर बसावं, आणि बोलायचं काम आजींनी करावं.

शेवटी एक गोष्ट, जी यादीतून मुद्दाम काढलीय असं मला कळलं. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो. गणपती २७ ऑगस्टला बसतात, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. म्हणजे सगळा गणेशोत्सव या पंधरवड्यातच येतो. ‘गणपतीत मरणाचं कशाला बोलायचं’ असं बैठकीत कोणीतरी म्हणालं म्हणे.

आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली. पहाटे साडेचारला गेले. मुलाने कोणाला फोन करायच्या आधी पंखा बंद केला, त्यांच्या पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली दोन उशा दिल्या. मीच त्याला कधीतरी शिकवलं होतं, त्या क्षणी माझ्या लक्षात नव्हतं. नेत्रपेढीची माणसं सात वाजता आली. पंधरा-वीस मिनिटांचं काम. चेहरा होता तसाच राहिला, बघायला आलेल्यांना कळलंही नाही. सहा तासांच्या आत व्हावं लागतं, एवढीच घाई. यांना मधुमेह होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, चष्मा होता, तरी चाललं. निम्म्या लोकांना वाटतं की चालत नाही. ही चार वाक्यं आरतीनंतर, प्रसाद वाटायच्या आधी एक दिवस सांगायची आहेत. जमलेल्यांपैकी कोणी उठून गेलं तर मी पुन्हा नाव काढणार नाही.

तर सभागृहाची किल्ली शनिवारी, २ ऑगस्टला सकाळी आठला दिवसाच्या वॉचमनकडे ठेवावी. सोमवारी ४ तारखेला देवी निघाली की दुपारी बारापर्यंत आम्ही सभागृह झाडून परत देऊ. भाडं नियमाप्रमाणे चारही घरं मिळून भरतील, पावती तळमजल्याच्या नावे करावी. तुम्ही आणि वहिनी रविवारी रात्री गाण्यांना या. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, तेव्हा त्यावर डोळा ठेवू नका. पुरणपोळी मात्र डबा भरून वर पाठवते.

आपली,
सदनिका ब-३०२

प्रत: सचिव व खजिनदार यांना माहितीसाठी. (खजिनदारांनी कूलरचं तेवढं बघावं.)